प्रकाशनाआधीच गाणी फुटतात, ती नेमकी कुठून?

निषादरेषा (धागाकर्ता)

परीक्षेचा पेपर फुटला की सर्वप्रथम विचारले जाते ते हे, की तो कोणाकोणाच्या हातांतून गेला होता. एखाद्या कलाकाराचा अल्बम अधिकृत तारखेच्या पंधरा दिवस आधी इंटरनेटवर आला, तर मात्र ‘हॅक झाला’ एवढ्या दोन शब्दांवर विषय मिटवला जातो. गेली काही वर्षे मी याबद्दल जमेल तसे वाचत आलो आहे आणि माझे मत असे बनले आहे की गाणे फोडणारा माणूस बहुतेक वेळा बाहेरचा नसतो. ज्याच्या हाती ते गाणे रीतसर, कामाचा भाग म्हणून आलेले असते, त्याच्याकडून किंवा त्याच्या हलगर्जीपणामुळे ते बाहेर पडते. त्या वाटा या धाग्यात नीट मांडाव्यात आणि ज्यांनी या क्षेत्रात काम केले आहे त्यांनी त्यात भर घालावी, अशी इच्छा आहे.

एका गाण्याचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. डेमो बहुधा निर्मात्याच्या लॅपटॉपवर तयार होतो आणि तो गीतकाराला, वादकांना, पाहुण्या गायकाला पाठवला जातो. ध्वनिमुद्रण झाल्यावर आवाजांचे आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक मिक्सिंग करणाऱ्याकडे, म्हणजे ते एकत्र जुळवणाऱ्याकडे जातात, त्याने केलेले पाच-सहा मिक्स कलाकाराकडे, व्यवस्थापकाकडे आणि कंपनीतल्या चार लोकांकडे ऐकण्यासाठी जातात, त्यांतला एक पसंत पडला की तो मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवण्यासाठी जातो. तिथून पुढे व्हिडिओ करणारे, नृत्य बसवणारे, जाहिरात करणारे, रेडिओवाले आणि समीक्षक यांना प्रती मिळतात. स्ट्रीमिंग सेवांकडे फाइल प्रकाशनाच्या कित्येक दिवस आधी पोचवावी लागते. सीडी किंवा व्हिनाइल काढायचे असेल तर कारखाना, गोदाम, वाहतूक आणि दुकान एवढ्या पायऱ्या आणखी वाढतात. म्हणजे ज्याला आपण ‘अप्रकाशित’ म्हणतो ते गाणे प्रकाशनाच्या दिवसापर्यंत शे-दीडशे माणसांनी ऐकून झालेले असू शकते.

यातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील किंग्ज माउंटन या गावाचे आहे. तिथे पॉलिग्राम या संगीत कंपनीचा सीडी छापण्याचा कारखाना होता आणि पुढे तो युनिव्हर्सल या दुसऱ्या संगीत कंपनीकडे गेला. जगातल्या मोठमोठ्या कलाकारांच्या सीडी दुकानात पोचण्याच्या काही आठवडे आधी तिथे छापल्या जात. दाराशी कामगारांची झडती होई आणि धातू ओळखणारी कांडी अंगावरून फिरवली जाई. त्या भागात पितळेचे भलेमोठे बक्कल असलेला कमरपट्टा वापरण्याची पद्धत होती. बक्कलापाशी कांडी वाजणारच हे पहारेकऱ्यांनाही ठाऊक असे, आणि नेमकी त्या बक्कलामागे सीडी लपवून ती बाहेर काढली जाई. ती पोचत असे ‘रॅबिड न्यूरोसिस’ नावाच्या गटाकडे. १९९६ ते २००७ या काळात या गटाने जितके अल्बम वेळेआधी फोडले तितके क्वचितच दुसऱ्या कोणी फोडले असतील. कारखान्यातल्या एकट्या एका कामगाराने जवळपास २,००० अल्बम बाहेर काढल्याचे नंतर उघड झाले. एफबीआयचा छापा पडला, त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन महिन्यांचा तुरुंगवास झाला.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की त्या कामगाराने कुठलीही संगणकप्रणाली भेदली नव्हती. तो रोज कामावर जात होता, एवढेच. त्या गटात पैसेही फारसे नव्हते. ‘आम्ही सर्वांच्या आधी’ ही प्रतिष्ठा होती आणि त्याच्या बदल्यात इतर गटांनी साठवलेल्या चित्रपटांच्या व गाण्यांच्या सर्व्हरवर प्रवेश मिळत असे. २००२ मध्ये एमिनेमचा अल्बम असाच फुटला, तेव्हा कंपनीला तो ठरलेल्या तारखेच्या आधी विक्रीला आणावा लागला.

मंद्रसप्तक

धागा चांगल्या वेळी काढलात. मी बरीच वर्षे मिक्सिंगचे काम करत आहे, त्यामुळे कारखान्याच्या आधीच्या टप्प्यांबद्दल थोडे अधिकाराने लिहू शकतो.

आता सीडीचा कारखाना हा मुख्य धोका उरलेला नाही. धोका आहे तो दुव्यांचा. पूर्वी मिक्स ऐकवायचा असेल तर कलाकार स्टुडिओत येऊन बसत असे किंवा कोणीतरी सीडी घेऊन जात असे. आता मी फाइल क्लाउडवर चढवतो आणि दुवा पाठवतो. तो दुवा कोणाला पुढे पाठवला गेला, कुठल्या फोनवर ती फाइल उतरवून घेतली गेली, त्या फोनला पासवर्ड होता की नव्हता, यांतले मला काहीही कळत नाही. ‘ज्याच्याकडे दुवा आहे तो ऐकू शकतो’ अशी सोय कामाच्या घाईत सगळेच वापरतात, कारण प्रत्येकाला स्वतंत्र परवानगी देत बसले की रात्री दोन वाजता कोणाचा तरी ‘मला उघडत नाही’ असा फोन येतोच.

दुसरी वाट आहे तोतयेगिरीची. निर्मात्याच्या किंवा व्यवस्थापकाच्या नावाशी मिळताजुळता ईमेल पत्ता तयार करायचा, एखाद्या अक्षराचा फरक ठेवायचा आणि ‘कालचा मिक्स पुन्हा पाठवाल का, माझ्याकडून पुसला गेला’ असे सहज विचारायचे. असे पत्र मलाही आले आहे. लिहिणाऱ्याला गाण्याचे कामचलाऊ नाव माहीत होते, जे आमच्या सहा-सात जणांव्यतिरिक्त कोणालाच माहीत असायला नको होते. मी फोन करून खात्री केली म्हणून वाचलो. प्रत्येक वेळी प्रत्येक जण फोन करेलच असे नाही. याशिवाय, दुसऱ्याच कुठल्यातरी संकेतस्थळावरून चोरीला गेलेले पासवर्ड घेऊन ते कलाकाराच्या ईमेलला आणि क्लाउडला लावून पाहणे हाही सर्रास चालणारा प्रकार आहे. यालाच लोक ‘हॅक’ म्हणतात. कुलूप फोडण्यापेक्षा पायपुसण्याखालची किल्ली सापडण्याशी त्याचे साम्य अधिक आहे.

तिसरी गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होतो. माझ्या कामातले एक गाणे फुटले आहे. गायिकेचे आणि कंपनीचे नाव मी घेणार नाही. तो मिक्स अर्धवट होता. दुसऱ्या कडव्यात तिने चालीपुरते, जागा भरण्यासाठी काहीतरी शब्द गायले होते आणि त्या दिवशी तिचा घसाही बसलेला होता. ते गाणे सर्वत्र पसरल्यानंतर तीन आठवडे आमच्या स्टुडिओतल्या दोन सहायकांकडे संशयाने पाहिले गेले आणि त्यांतला एक काम सोडून गेला. त्याचा काही दोष नव्हता, हे नंतर सिद्ध झाले. पण तो परत आला नाही.

जुनीध्वनिफीत

निषादरेषा यांची मांडणी पटली, परंतु हा प्रकार इंटरनेटने आणला असा कोणाचा समज होऊ नये म्हणून थोडे मागे जातो.

१९६७ मध्ये बॉब डिलन आणि त्याचे साथीदार वुडस्टॉकजवळच्या एका घराच्या तळघरात बरीच गाणी मुद्रित करत होते. त्यांतल्या काही गाण्यांची प्रत, इतर गायकांनी ती गावीत या हेतूने, प्रकाशकामार्फत संगीतक्षेत्रात फिरवली गेली. म्हणजे प्रती रीतसर निघाल्या होत्या, रीतसर लोकांकडे गेल्या होत्या. १९६९ मध्ये ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाची, साध्या पांढऱ्या वेष्टनातली एक चोरटी तबकडी अमेरिकेत विकली जाऊ लागली आणि तिच्यात त्यांतलीही काही गाणी होती. अधिकृत संग्रह निघायला १९७५ उजाडले. पुढची सगळी प्रकरणे याच साच्यातली आहेत. विश्वासाने दिलेली प्रत असते आणि तिची आणखी एक प्रत निघते.

प्रिन्सचे उदाहरण याहून विलक्षण आहे. डिसेंबर १९८७ मध्ये त्याचा काळ्या वेष्टनातला अल्बम निघायचा होता. तबकड्या छापून तयार होत्या आणि अगदी शेवटच्या आठवड्यात त्याने तो मागे घेतला. छापलेल्या लाखो प्रती नष्ट करण्यात आल्या, पण मूठभर वाचल्या आणि त्यांवरून इतक्या चोरट्या प्रती निघाल्या की १९९४ मध्ये अधिकृत आवृत्ती आली तेव्हा ज्यांना हवा होता त्यांच्याकडे तो आधीच होता. तिथे कलाकाराचा निर्णय अगदी स्पष्ट होता. त्याला ते संगीत लोकांसमोर यायला नको होते. तरीही ते आले.

समीक्षकांकडून प्रत फुटू नये म्हणून कंपन्यांनी काय काय केले, हेही सांगण्यासारखे आहे. २००२ मध्ये टोरी एमोस आणि पर्ल जॅम यांचे नवे अल्बम समीक्षकांना पाठवताना सीडी वॉकमनमध्ये घालून त्याचे झाकण गोंदाने चिकटवून टाकले होते आणि हेडफोनची पिनही यंत्रातच चिकटवलेली होती, म्हणजे तिथे दुसरी तार लावून मुद्रण करता येऊ नये. ते यंत्र हातात घेऊन बसलेल्या समीक्षकाची कल्पना करून पाहा. त्याच्या मताची कंपनीला गरज होती, पण त्याच्यावर भरवसा नव्हता.

आता एक मतभेद नोंदवतो. मी चोरट्या तबकड्यांचा संग्राहक होतो आणि आजही त्यांतल्या काही माझ्याकडे आहेत. कंपन्यांच्या गोदामांत कुजून गेले असते असे पुष्कळसे संगीत केवळ कोणीतरी बाहेर काढले म्हणून टिकले. त्यामुळे प्रत्येक फुटलेल्या गाण्याला एकाच मापाने मोजणे मला जमत नाही.

निषादरेषा

जुनीध्वनिफीत, आपला मुद्दा मला मान्य आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे वाटते. कंपनीने वीस वर्षे दाबून ठेवलेले संगीत बाहेर येणे ही एक गोष्ट झाली आणि कलाकार अजून ज्यावर काम करतो आहे ते त्याच्या हातून ओढून घेणे ही निराळी. या धाग्याचा विषय मुख्यतः दुसरी गोष्ट आहे. प्रिन्सचे उदाहरण तुम्ही स्वतःच दिलेत आणि त्यात माझ्या मते नुकसान कंपनीपेक्षा प्रिन्सचे अधिक झाले.

अनाहत_नाद

मी येथे बहुधा वयाने सर्वांत लहान असेन आणि मला थोडे कबूल करायचे आहे. दीड-दोन वर्षे मी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरील एका गटात होतो, जिथे अप्रकाशित गाण्यांची खरेदी-विक्री चालत असे. आतून ते कसे दिसते हे लिहितो, कारण बाहेरून पाहणाऱ्यांना त्याची कल्पना नसते.

सुरुवात ‘स्निपेट’पासून होते. कलाकार स्वतः स्टुडिओतून लाइव्ह येतो आणि मागे दहा-पंधरा सेकंद एक नवे गाणे वाजते. चाहते तेवढाच तुकडा कापून ठेवतात, त्याला नाव देतात, तो शंभर वेळा ऐकतात. वर्ष उलटते, गाणे येत नाही. मग कोणीतरी सांगतो की पूर्ण फाइल माझ्याकडे आहे, किंमत इतकी. एकट्याला ती परवडत नाही म्हणून ‘ग्रुप बाय’ होतो, म्हणजे शंभर-दोनशे जण थोडेथोडे पैसे घालतात, बहुधा क्रिप्टोमध्ये, आणि रक्कम पूर्ण झाली की फाइल सर्वांना मिळते. मी दोनदा पैसे घातले होते. दुसऱ्या वेळी विक्रेता पैसे घेऊन नाहीसा झाला आणि तक्रार करायला कोठे जाणार?

विकणारा क्वचितच स्वतः चोर असतो. त्याने ती फाइल दुसऱ्याकडून, त्या दुसऱ्याने तिसऱ्याकडून अदलाबदलीत घेतलेली असते. ‘तुझ्याकडचे ते दे, माझ्याकडचे हे घेतो’ या पद्धतीने एखादे गाणे वर्षभर पाच-सात संग्राहकांतच फिरते आणि ज्या दिवशी त्यांच्यात भांडण होते, त्या दिवशी कोणीतरी रागाने ते सगळ्यांसाठी टाकून देतो. बाहेर जे ‘आज लीक झाले’ असे दिसते, ते प्रत्यक्षात दीड वर्षापूर्वीच फुटलेले असते.

यापुढचा प्रकार तर उघड्यावर चालतो. डिसेंबर २०१८ मध्ये बियॉन्से आणि सिझा यांची अप्रकाशित गाणी कोणीतरी ‘क्वीन कार्टर’ आणि ‘सिस्टर सोलाना’ अशा खोट्या नावांनी थेट स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिकवर चढवली होती. पुढच्याच वर्षी प्लेबॉय कार्टीचे एक फुटलेले गाणे अशाच बनावट नावाने स्पॉटिफायच्या अमेरिकेतील व्हायरल यादीत अव्वल स्थानी पोचले. पैसे भरले की कोणाचीही फाइल सेवांवर पोचवणाऱ्या वितरक कंपन्या आहेत आणि चढवणारा खरोखर त्या गाण्याचा धनी आहे का, हे पाहणारी यंत्रणा तोकडी पडते.

मी तो गट सोडला तो एका प्रसंगानंतर. ज्या कलाकाराचे गाणे आम्ही विकत घेतले होते, त्याने एका लाइव्हमध्ये शांतपणे सांगितले की ते गाणे आता तो कधीच प्रकाशित करणार नाही, कारण त्याचा त्यातला रस संपला आहे. गटात लोक त्यालाच नावे ठेवत होते. मला मात्र वाटले की आपण ज्याच्यासाठी पैसे घातले, तेच आपण मारून टाकले.

कलम_आणि_कायदा

वरील प्रतिसादातील प्रामाणिकपणा आवडला. शिक्षेच्या बाजूने थोडी माहिती जोडतो, कारण ‘याला काही होत नाही’ असा समज दिसतो.

अमेरिकेने २००५ मध्ये स्वतंत्र तरतूद करून, प्रकाशनाच्या प्रतीक्षेत असलेली कलाकृती सर्वांना उपलब्ध असलेल्या संगणकजालावर टाकणे हा गंभीर गुन्हा ठरवला. यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि आर्थिक लाभासाठी केले असल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. यातला महत्त्वाचा भाग असा की किती प्रती उतरवल्या गेल्या हे सिद्ध करत बसावे लागत नाही. वेळेआधी टाकणे पुरेसे आहे. जून २००८ मध्ये एका ब्लॉगलेखकाने गन्स एन’ रोझेसच्या बहुप्रतीक्षित अल्बममधली नऊ गाणी आपल्या पानावर ठेवली. ऑगस्टमध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी एक वर्षाची परिवीक्षा (प्रोबेशन) व दोन महिन्यांची घरकैद अशी शिक्षा झाली. त्याने ती गाणी स्वतः चोरली नव्हती.

डिसेंबर २०१४ मध्ये मॅडोनाच्या आगामी अल्बमचे कच्चे डेमो बाहेर आले. तपास इस्राएलमधल्या एका तरुणापर्यंत पोचला आणि २०१५ मध्ये त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. मॅडोनाने घाईघाईने सहा गाणी पूर्ण स्वरूपात त्याच महिन्यात विक्रीला ठेवली, कारण लोकांनी तिचे काम कच्च्या डेमोंवरून जोखू नये असे तिला वाटत होते.

परंतु अनाहत_नाद यांनी लिहिलेल्या बाजाराशी सर्वांत जवळचा खटला इंग्लंडमधला आहे. इप्सविच येथील एका तरुणाने कलाकारांच्या क्लाउड खात्यांत शिरून एड शीरन आणि लिल उझी व्हर्ट यांची अप्रकाशित गाणी मिळवली आणि ती क्रिप्टोच्या बदल्यात विकली. पोलिसांना त्याच्याकडे ८९ कलाकारांची १,२६३ अप्रकाशित गाणी सापडली. त्याने यातून सुमारे १,३१,००० पौंड कमावले होते आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला अठरा महिन्यांचा कारावास झाला. एकाच घरात, एकाच माणसाकडे, ८९ जणांचे अपुरे काम पडून होते, ही गोष्ट मला आकड्यांपेक्षा अधिक अस्वस्थ करते.

सम_आणि_काल

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. मला एक साधी शंका आहे. गाणे फुटल्याने विक्री खरोखर घटते का? रेडिओहेड या बँडचा अल्बम २००० मध्ये नॅपस्टर या फाइल वाटण्याच्या सेवेवर आधीच पसरला होता, तरी तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला असे वाचल्याचे आठवते.

निषादरेषा

होय, ती माहिती बरोबर आहे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीतले अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हॅमंड यांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. त्यांना असे आढळले की वेळेआधी फुटल्याचा विक्रीवर होणारा परिणाम फारच थोडा आहे आणि तो घटीकडे नव्हे तर वाढीकडे झुकतो. एखादा अल्बम महिनाभर अधिक आधी फुटला, तर साधारण साठ प्रती जास्त खपाव्यात, एवढाच. म्हणजे कंपन्या जो आक्रोश करतात तो या अभ्यासात तरी दिसत नाही. आधीच प्रसिद्ध असलेल्यांना याचा लाभ अधिक मिळतो, नवोदितांना नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

पण विक्री हेच माप धरले तर मूळ हानी नजरेतून निसटते. जानेवारी २०१५ मध्ये ब्यर्कचा अल्बम नियोजित तारखेच्या सुमारे दोन महिने आधी फुटला आणि तिला तो काही दिवसांत तसाच विक्रीला आणावा लागला. एका नात्याच्या शेवटाबद्दलचे ते संगीत होते आणि ते कोणत्या दिवशी लोकांपुढे ठेवायचे हे तिने ठरवले होते. तो निर्णय तिच्या हातून गेला. २००३ मध्ये रेडिओहेडच्याच दुसऱ्या एका अल्बमचे अर्धवट मिक्स जवळपास दहा आठवडे आधी पसरले, तेव्हा बँडची तक्रार पैशांची नव्हती, तर चुकीची आवृत्ती लोकांपर्यंत गेली ही होती.

याच रेडिओहेडने २०१९ मध्ये जे केले तेही नोंदवण्यासारखे आहे. गायकाच्या जुन्या मिनीडिस्क चोरीला गेल्या, त्यांत १९९७ च्या अल्बमच्या वेळचे अठरा तासांचे मुद्रण होते आणि ते दडवून ठेवण्यासाठी दीड लाख डॉलर मागितल्याचे बँडने सांगितले. त्यांनी खंडणी देण्याऐवजी ते सगळेच अठरा पौंडांना अठरा दिवस विक्रीला ठेवले आणि मिळालेले पैसे पर्यावरण चळवळीला दिले. प्रत्येक कलाकाराला हे करता येणार नाही. ज्याचा पहिलाच अल्बम आहे, त्याच्याकडे असा मान किंवा असे चाहते नसतात.

जुनीध्वनिफीत

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. काही वेळा कलाकार स्वतःच गाणे फोडतात. २००७ मध्ये नाइन इंच नेल्सच्या युरोपमधल्या कार्यक्रमांदरम्यान स्वच्छतागृहांत यूएसबी ड्राइव्ह मुद्दाम ठेवले गेले होते. लिस्बनमधल्या एकावर आगामी अल्बमचे गाणे होते आणि चाहत्यांनी ते अपेक्षेप्रमाणे पसरवले. त्यावर संगीत कंपन्यांच्या संघटनेने संकेतस्थळांना ते काढून टाकण्याच्या नोटिसा पाठवल्या. कलाकाराला पसरवायचे आहे आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्यांना त्याचा पत्ताच नाही. या प्रकारामुळे श्रोत्याचा गोंधळ होतो, हे मान्य करावे लागेल. खरा लीक कोणता आणि ठरवून केलेला कोणता, हे आपल्याला बाहेरून ओळखता येत नाही.

सम_आणि_काल

धन्यवाद, शंका फिटली. आता आणखी एक. सर्व देशांत शुक्रवारी प्रकाशन होते त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

कलम_आणि_कायदा

आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी आणि ऑस्ट्रेलिया व जर्मनीत शुक्रवारी नवे संगीत येत असे, म्हणजे एका देशातला अधिकृत अल्बम दुसऱ्या देशात तीन-चार दिवस ‘फुटलेला’ असे. १० जुलै २०१५ पासून शुक्रवार हा समान दिवस ठरला. तरीही बंद दारात फट राहतेच. अनेक अल्बम प्रत्येक देशातल्या मध्यरात्री उघडतात, त्यामुळे न्यूझीलंडमध्ये ते अमेरिकेच्या बरेच तास आधी ऐकायला मिळतात. आणि वस्तूरूपातल्या प्रती तर अजूनही कंपनीचा वेळ पाळत नाहीत. जुलै २०२२ मध्ये बियॉन्सेचा अल्बम दोन दिवस आधी फुटला, तो युरोपातल्या काही दुकानांनी सीडी आधीच मांडल्यामुळे. वाट पाहणाऱ्या चाहत्यांचे तिने जाहीर आभार मानले होते.

अनाहत_नाद

मंद्रसप्तक, तुमच्या गाण्याचे पुढे काय झाले हे तुम्ही लिहिले नाही. ते नेमके कोणाकडून गेले, हे कसे कळले? आणि प्रत कोणाची हे ओळखता यावे म्हणून फाइलमध्ये जी छुपी खूण, म्हणजे वॉटरमार्क, घालतात, ती खरोखर ऐकू येत नाही का?

मंद्रसप्तक

अनाहत_नाद, विचारलेत म्हणून लिहितो.

वॉटरमार्क ऐकू येत नाही. फाइलमध्ये ध्वनीचे अतिशय बारीक फेरफार केलेले असतात, जे कानाला जाणवत नाहीत, पण संगणकाला त्यांतून एक क्रमांक वाचता येतो. प्रत्येकाला पाठवलेल्या प्रतीचा क्रमांक वेगळा असतो. फाइल एमपीथ्रीमध्ये बदलली तरी तो बहुधा टिकतो आणि चांगली प्रणाली असेल तर स्पीकरवर वाजवून फोनवर मुद्रित केलेल्या प्रतीतूनही तो वाचता येतो. फक्त एक अडचण आहे. कोणाच्या प्रतीतून फुटले एवढे तो सांगतो, कोणी फोडले हे सांगत नाही.

आमच्या बाबतीत वॉटरमार्क नव्हता, कारण तो कामाचा मिक्स होता आणि त्या टप्प्यावर तो कोणी लावत नाही. माग लागला तो वेगळ्या रीतीने. मी त्या गाण्याचे एका दिवसात चार मिक्स केले होते. तिसऱ्यात सुरुवातीचे टाळ्यांचे चार ठोके चुकून राहून गेले होते, ते चौथ्यात मी काढले. फुटलेल्या फाइलमध्ये ते ठोके होते. तिसरा मिक्स फक्त एका व्यक्तीला पाठवला होता, कारण पंधरा मिनिटांत मला चूक कळली आणि इतरांना मी चौथाच पाठवला. ती व्यक्ती संशयाच्या यादीत कधीच नव्हती, कारण ती कंपनीतली वरिष्ठ होती. तिने तो मिक्स प्रवासात एका नातलगाला ऐकवण्यासाठी फोनवर पाठवला होता. त्या नातलगाच्या मुलाने तो मित्राला दिला. त्या मुलापर्यंत पोचेपर्यंत कोणाचाही वाईट हेतू नव्हता आणि त्या मुलाचाही होता असे मला वाटत नाही. वरिष्ठ व्यक्तीला कोणी काही बोलले नाही. स्टुडिओ सोडून गेलेल्या सहायकाला मी स्वतः फोन केला. त्याने ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

गायिकेने दुसरे कडवे नव्या शब्दांनी, बऱ्या झालेल्या आवाजात पुन्हा गायले. माझ्या मते तिच्या उत्तम गायनांपैकी ते एक आहे. गाणे अधिकृतपणे आले तेव्हा त्याखालच्या प्रतिक्रियांत ‘जुने शब्द का बदलले’ हा प्रश्न सर्वाधिक होता. बसलेल्या घशाचा, निरर्थक शब्दांचा तो मिक्स लोकांच्या कानात पक्का बसला होता आणि तिने विचार करून लिहिलेले कडवे त्यांना चुकीचे वाटत होते. कार्यक्रमांतही जुन्या शब्दांची फर्माईश होते. ती ते गात नाही.

तेव्हापासून ती दुवा मागत नाही. मिक्स तयार झाला की स्टुडिओत येते, शेवटच्या खुर्चीवर बसून तो तीनदा ऐकते, सूचना कागदावर लिहून माझ्या हातात देते आणि जाते. यात प्रत्येक गाण्यामागे आमचा आठवडा वाढतो.